एकच बंदूक, सगळ्या जनावरांना? मध्यम बजेटमध्ये भुलीची रायफल निवडताना

मागच्या व्याख्यानात आपण उसातला बिबट्या काय खातो, दिवसा कुठे दडतो, पिल्लं कुठे ठेवतो हे पाहिलं. आज त्याच्यावर रोखायच्या बंदुकीबद्दल बोलायचं आहे. आम्ही दोघं मिळून बोलणार आहोत. आमच्यातला एक पशुवैद्यक, दुसऱ्याचं आयुष्य भोसरीच्या टूलरूममध्ये गेलेलं. त्यामुळे मध्येच औषध येईल, मध्येच लेथ येईल, सांभाळून घ्या.

हा विषय आम्ही निवडला नाही, तो आमच्याकडे चालत आला. चाकण, महाळुंगे, निघोजे या पट्ट्यातल्या कारखान्यांमधली सेफ्टीची आणि सीएसआरची माणसं अधूनमधून विचारतात. प्रश्न जवळपास एकाच साच्याचा असतो: "आम्हाला वनविभागाला एक चांगली बंदूक घेऊन द्यायची आहे. बजेट मध्यम आहे. अशी सांगा की बिबट्याला चालेल, गव्याला चालेल, वेळ पडली तर माकडालाही चालेल. आणि हो, लांबून लागली पाहिजे."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. लांबून लागली पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा निम्मा वेळ आम्ही त्या एका वाक्याशी भांडणार आहोत.

मुळात हा प्रश्न जुना आहे. शिकाऱ्यांच्या पिढ्यांनी तो विचारला: खिशाला परवडेल आणि हरणापासून गव्यापर्यंत सगळ्याला पुरेल अशी एकच रायफल कोणती? इंग्रज शिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर होतं पॉइंट ३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. १९१२ साली बाजारात आलेलं हे काडतूस आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात सर्वगुणी म्हणून गाजलं. पण ती रायफल महाग. आपल्याकडच्या मध्यम ऐपतीच्या माणसाकडे पुढे सरकारी कारखान्यात बनलेली पॉइंट ३१५ आली. काडतुसांच्या बाबतीत तर आपण शेजारीच राहतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि तिथल्या काडतुसांच्या बुडावरचा 'केएफ' हा छाप जुन्या परवानाधारकांना अजून आठवतो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हा प्रश्न संपला. निदान तसं वाटलं. पण आता तोच प्रश्न दुसऱ्या दाराने परत आलाय. जनावर मोठंच आहे, बंदूकही लागतेच, पैसे तेव्हाही मर्यादित होते आणि आजही आहेत. फरक एवढाच की आता जनावर जिवंत राहायला हवं. आणि ह्या एका फरकाने निवडीचे सगळे निकष उलटे होतात. शिकारीच्या रायफलीत जो गुण, तो इथे दोष.

आधी कायद्याचं थोडं सांगतो, कारण त्यावरून बंदूक कोणाच्या हातात असणार हे ठरतं. बिबट्या आणि गवा दोघंही पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. ठार मारणं तर त्यात आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हाकणंसुद्धा त्यात आहे. म्हणजे थाळ्या वाजवत, फटाके फोडत उसाच्या एका फडातून बिबट्याला दुसऱ्या फडात पळवणारी आपली माणसं कायद्याच्या भाषेत शिकारच करत असतात. भुलीचं इंजेक्शन मारून पकडण्यालाही कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. आणि ठार मारण्याचा आदेश तेव्हाच देता येतो, जेव्हा ते जनावर पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही अशी त्यांची खात्री झालेली असते. तेव्हा कारखान्याने बंदूक घेऊन ती सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लटकवायची, हा विचार डोक्यातून काढून टाका. बंदूक वनविभागाच्या पथकाला द्यायची. ती चालवणार पथकातला शिकलेला माणूस आणि औषध भरणार पशुवैद्यक.

आता बंदुकीकडे वळू.

भुलीची बंदूक म्हणजे काय? खरं म्हणजे ती बंदूक नाहीच, इंजेक्शन फेकण्याचं यंत्र आहे. न्यूझीलंडचे कॉलिन मर्डॉक यांचं नाव या क्षेत्रात पहिल्या मंडळींत घेतात. प्लास्टिकची वापरून फेकायची सिरिंज ज्यांनी काढली, तेच हे. १९५० च्या दशकात त्यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जॉर्जियातल्या लोकांनी असली यंत्रं बनवली. तेव्हा यंत्र बरं होतं, औषध वाईट होतं. निकोटिनसारखी द्रव्यं वापरायचे. जनावर पडायचं, पण बरेचदा उठायचंच नाही. खरी प्रगती झाली ती औषधांत. बंदूक गेल्या पन्नास-साठ वर्षांत तुम्हाला वाटते तितकी बदललेली नाही.

आजच्या डार्टचे चार भाग असतात: पुढे सुई, मग औषधाची कुपी, मागे दाबलेल्या हवेचा कप्पा, आणि शेवटी रंगीत लोकरीचं शेपूट. सुईला टोकाशी भोक नसतं. ते बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची छोटी बाही चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की बाही मागे सरकते, भोक उघडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. साधी, सुंदर गोष्ट आहे. दुसऱ्या जातीच्या डार्टमध्ये मागे हवेऐवजी बारुदाचा कण असतो. आपटल्याबरोबर तो पेटतो आणि औषध क्षणात आत जातं. हे डार्ट एकदाच वापरायचे. हवेचे डार्ट धुऊन, सुई तपासून पुन्हा वापरता येतात. मध्यम बजेटवाल्यांनी हा फरक वहीत लिहून ठेवावा, कारण बंदूक एकदा घ्यायची असते, डार्ट दरवर्षी लागतात.

आता थोडं गणित. आमच्यातल्या टूलरूमवाल्याला त्याशिवाय चैन पडत नाही.

पॉइंट ३७५ ची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७५० मीटरच्या वेगाने निघते आणि तिच्यात साडेपाच हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ती ऊर्जा हाड फोडण्यासाठीच असते. आता डार्ट घ्या. समजा, भरलेला डार्ट १० ग्रॅमचा आहे आणि वेग सेकंदाला ६० मीटर. ऊर्जा किती? १८ ज्यूल. वेग ८० मीटर केला की ३२ ज्यूल. वेग पाऊणपट... नाही, तिसऱ्या हिश्श्याने वाढला आणि ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. गव्याच्या मांडीवर हा धक्का काहीच नाही. पण ३५ किलोंच्या बिबट्याच्या मादीच्या मांडीत तोच डार्ट पाच मीटरवरून बसला तर स्नायू फाटतो, हाडाला लागला तर हाड मोडतं, आणि नेम चुकून बरगड्यांत गेला तर छातीत शिरतो. भुलीच्या बंदुकीने मेलेली जनावरं असतात, आणि ती नेहमी औषधानेच मेलेली असतात असं नाही.

म्हणून बंदूक दाखवायला आलेल्या विक्रेत्याला "जास्तीत जास्त किती लांब जाते?" हा प्रश्न विचारू नका. "कमीत कमी किती हळू मारता येतं?" हा विचारा. सर्वगुणी बंदूक ती, जी पाच मीटरवर मऊ मारते आणि तीस-पस्तीस मीटरवर पुरेशी मारते. लांब पल्ला हा तिचा किरकोळ गुण आहे.

बाजारात तीन जाती आहेत. पहिली म्हणजे फुंकनळी. हो, तोंडाने फुंकायची नळी. आमच्या मते ह्या यादीतलं सर्वांत उपेक्षित हत्यार. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या, घराच्या माळ्यावर दबून बसलेला बिबट्या, गोठ्यात कोंडलेला बिबट्या, ही सगळी अंतरं तीन ते आठ मीटरची. तिथे फुंकनळी पुरते, आवाज नाही, धक्का जवळपास नाही आणि किंमत बंदुकीच्या मानाने नगण्य. मात्र छाती आणि सराव पाहिजे.

दुसरी जात गॅसवर चालणारी, म्हणजे सीओ२ किंवा दाबलेली हवा. डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्टची जेएम मालिका किंवा जर्मनीच्या टेलिइंजेक्टची यंत्रं ह्या वर्गातली; नाव घेतलं म्हणजे आम्ही जाहिरात करतोय असं समजू नका, ती प्राणिसंग्रहालयांत आणि वनविभागांत दिसतात म्हणून सांगितलं. यात एक दाबमापक असतो. अंतर बघायचं, तक्त्यातून दाब काढायचा, तेवढा गॅस कप्प्यात घ्यायचा आणि मारायचं. जनावर जवळ आलं तर गॅस सोडून दाब कमी करता येतो. ह्या एका सोयीसाठी आम्ही ही जात निवडतो.

तिसरी जात कोऱ्या काडतुसावर चालणारी, पॉइंट २२ च्या आवाजी काडतुसाने ढकलणारी. ही लांब मारते. गव्याला, हत्तीला मोकळ्या माळावर उपयोगी. पण आवाज होतो, काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि जवळच्या अंतरावर ती लहान जनावराला महागात पडते. ज्या पथकाकडे एकच बंदूक असणार आहे, त्याने ही घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे आधीच गॅसवाली आहे, त्याने खुशाल दुसरी म्हणून घ्यावी.

सीओ२ बद्दल एक इशारा. हा वायू हवामानाप्रमाणे वागतो. बाटलीतला दाब शून्य अंशाला सुमारे ३५ बार, २० अंशाला ५७, ३० अंशाला ७२. जुन्नरकडच्या डिसेंबरच्या पहाटे आणि चाकणच्या एप्रिलच्या दुपारी एकाच बाटलीत वेगवेगळा दाब असतो. बंदुकीला दाबमापक असेल तर काळजी नाही, कारण तुम्ही कप्प्यात मोजून घेता. दाबमापक नसलेली, नुसती कमी-मध्यम-जास्त अशी चकती असलेली स्वस्त बंदूक घेतलीत, तर सकाळचा 'मध्यम' आणि दुपारचा 'मध्यम' वेगळे निघतील. इथे पैसे वाचवू नका.

नळ्या दोन घ्याव्यात, ११ मिलिमीटर आणि १३ मिलिमीटर. लहान नळी, लहान डार्ट बिबट्यासाठी. मोठी नळी मोठ्या डार्टसाठी, म्हणजे जास्त औषध आणि लांब सुई. गव्याची कातडी आणि त्याखालचं मांस यांतून आखूड सुई पोचतच नाही, औषध चरबीत राहतं आणि जनावर अर्धवट गुंगीत फिरत राहतं. आणि लांब सुई बिबट्याला मारली तर ती हाडापर्यंत जाते. हा जो 'सर्वगुणी'पणा आपण शोधतोय तो बंदुकीत कमी आणि नळी, डार्ट, सुई यांच्या जोडणीत जास्त आहे.

आता पुन्हा त्या "लांबून लागली पाहिजे" कडे येऊ.

सेकंदाला ६० मीटर वेगाचा डार्ट ३० मीटर जायला अर्धा सेकंद घेतो. त्या अर्ध्या सेकंदात तो सव्वा मीटरच्या आसपास खाली येतो. हवेचा विरोध धरला तर आणखी थोडा. रायफलची गोळी तेवढ्याच अंतरात एक सेंटिमीटरही खाली येत नाही. म्हणजे डार्ट मारणं हे गोळी मारण्यापेक्षा चेंडू फेकण्याच्या जवळचं आहे. आता समजा अंतर २५ मीटर होतं आणि तुम्हाला ३० वाटलं. २५ मीटरवर डार्ट सुमारे ८५ सेंटिमीटर खाली येतो. फरक पस्तीस-चाळीस सेंटिमीटरचा. बिबट्याच्या मांडीवर धरलेला नेम त्याच्या पाठीवरून निघून गेला. नुसत्या डोळ्यांनी अंतर सांगताना पाच मीटरची चूक कोणाचीही होते, घाबरलेल्या माणसाची तर नक्कीच.

आणि अर्धा सेकंद हा बिबट्याला फार मोठा वेळ आहे. चापाचा खटका ऐकून तो मान वळवतो, मांडी सरकवतो. त्यात ऊस. उसाच्या पात्यालासुद्धा डार्ट वळवण्याइतकी ताकद असते. उभ्या उसात डार्ट मारणं हा निव्वळ पैशांचा आणि औषधाचा चुराडा. उसातल्या बिबट्यासाठी हत्यार म्हणजे पिंजरा, बंदूक नव्हे.

म्हणून लेझरचा अंतरमापक हवाच. गोल्फवाले वापरतात तसला साधा चालतो. आमच्या हिशेबात ही सगळ्या यादीतली सर्वांत जास्त परतावा देणारी वस्तू आहे. बंदूक थोडी साधी घ्या, पण अंतरमापक विसरू नका.

हे सगळं कागदावर झालं. प्रत्यक्षात काय होतं, त्याची आपल्याच भागातली तीन उदाहरणं घेऊ.

२१ मार्च २०२२. चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. ही बातमी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. काम थांबवलं, माणसं बाहेर काढली, वनविभाग आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचं पथक आलं. सुमारे सहा तासांनी बिबट्याला डार्ट मारून बेशुद्ध केलं आणि माणिकडोहला नेलं. जनावर जिवंत, माणूस एकही जखमी नाही. आमचं म्हणणं असं की तिथे निम्मं काम बंदुकीच्या आधीच झालेलं होतं. बंद जागा, माणसं बाहेर, आवाज बंद, घाई नाही. कारखान्यात हे जमतं, कारण तिथे सायरन वाजला की असेंब्ली पॉइंटला जायची सवय असते. गावात अशी सवय नसते.

दुसरं उदाहरण ९ डिसेंबर २०२० चं, कोथरूडमधलं. गवा वस्तीत शिरला. गल्ल्यांतून माणसांचे लोंढे, मोबाईल, आरडाओरडा. गवा तासन् तास पळत राहिला, भिंतींना, फाटकांना धडकला. शेवटी भुलीचे डार्ट मारून, दोरखंड लावून त्याला पकडलं. तो मेला. भुलीच्या औषधाने मेला असं म्हणणं सोपं आहे. पण जनावर सतत पळतं तेव्हा स्नायूंत आम्ल साचतं, शरीराचं तापमान चढतं, रक्त बिघडतं. अशा वेळी भूल दिली तर शरीराला सावरायला जागाच उरत नाही. आणि न द्यावी तर तो तसाच पळत मरणार. तिथे जगातली कुठलीही बंदूक आणली असती तरी निकाल फार वेगळा झाला नसता. दोनच आठवड्यांत बावधनकडे दुसरा गवा दिसला. ह्या वेळी माणसं लांब ठेवली, वाट मोकळी सोडली. तो परत जंगलाकडे निघून गेला. एकही डार्ट खर्च झाला नाही.

तिसरं उदाहरण कटू आहे आणि ताजं आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही दिवसांच्या अंतराने तीन माणसं गेली. त्यांत दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पथकाला बिबट्या दिसला, डार्ट मारला, तो लागला नाही. बिबट्या चवताळून अंगावर आला आणि शार्पशूटरांनी गोळी झाडून त्याला ठार केलं. यावर बाहेर बसून शेरे मारणारे पुष्कळ आहेत. आम्ही मारणार नाही. रात्री, रागावलेल्या गावाच्या कडेला, नरभक्षक ठरलेल्या बिबट्यासमोर डार्ट मारणं म्हणजे काय, हे वर सांगितलेल्या अर्ध्या सेकंदावरून तुमच्या लक्षात आलं असेल. आणि डार्ट लागला असता तरी बिबट्या त्याच क्षणी पडला नसता. सिनेमात पडतो तसा कोणीच पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात तो अंगावर येऊ शकतो, रस्त्यावर जाऊ शकतो, विहिरीत पडू शकतो. म्हणून अशा कामगिरीत भुलीच्या बंदुकीमागे खरी रायफल उभी असते. शिकारीची रायफल आपल्याकडून पूर्ण गेलेली नाही, ती त्या कोपऱ्यात, लेखी आदेशाखाली शिल्लक आहे. ती कोणत्या बनावटीची असावी हा आपला विषय नाही. पुढची बंदूक जितकी नीट चालेल तितका मागच्या बंदुकीला हात कमी लागेल, एवढाच संबंध.

विहिरीचं नाव निघालं म्हणून सांगतो. जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये बिबट्या विहिरीत पडणं नेहमीचं. तिथे डार्ट मारायचा नाही. बेशुद्ध जनावर पाण्यात बुडतं. बाज किंवा पिंजरा सोडायचा, तो आपणहून चढतो. बंदूक नवी असली की ती वापरायचा हात शिवशिवतो. काठावरचे लोकही "मारा की, मारा की" करतात.

आता पैशांचं. बाहेरून येणारी बंदूक, डार्ट, आयातशुल्क असं सगळं मिळून प्रकरण लाखांत जातं, हजारांत नाही. आमचा सल्ला असा की ठरवलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त पैसा बंदुकीवर घालवू नये. उरलेल्यातून दोन्ही मापांचे डार्ट आणि सुया भरपूर, अंतरमापक, दोन फुंकनळ्या, जाळं, डोळ्यांवर बांधायची पट्टी, थर्मामीटर, नाडी आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. आणि भूल उतरवायचं औषध. बिबट्यासाठी आपल्याकडे बहुतेक वेळा केटामाइन आणि झायलाझिन एकत्र वापरतात. त्यातल्या झायलाझिनवर उतारा आहे, योहिम्बिन नावाचा. केटामाइनवर उतारा नाही, ते आपलं आपण ओसरावं लागतं. म्हणून उताऱ्याची घाई करायची नसते, ते पशुवैद्यकाने ठरवायचं. केटामाइन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं; त्याला कुलूपबंद कपाट आणि नोंदवही लागते. हे औषध कंपनीने घेऊन द्यायच्या भानगडीत पडू नये.

आणि सराव. आम्ही पाहिलेलं चित्र असं: देणगीची बंदूक समारंभात हार घालून दिली जाते, फोटो होतो, आणि पेटी कपाटात जाते. वर्षभराने काढली तर रबरी सील कडक झालेलं, गॅस गळतोय. दाबाचा तक्ता कारखान्यातून आलेला तसाच. तो तक्ता त्यांच्या हवेत, त्यांच्या डार्टवर केलेला असतो. शॉपफ्लोअरवर नवीन मशीन आलं की आपण पहिल्या आठवड्यात आपला सेटिंग चार्ट बनवतो की नाही? तेच इथे करायचं. पाच, दहा, पंधरा असं पस्तीस मीटरपर्यंत, प्रत्येक अंतरावर दहा-दहा डार्ट, पाणी भरून, दोन्ही नळ्यांनी. पहाटे एकदा, दुपारी एकदा. निकाल लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा.

इथे चाकणच्या कंपन्या बंदुकीपेक्षा मोठी मदत करू शकतात. सरावाला लक्ष्य म्हणून जाड फोम लागतो, आणि पॅकिंगचा फोम तुमच्याकडे ढिगाने पडलेला असतो. सरावाचे डार्ट, सुईऐवजी बोथट टोक लावलेले, खऱ्याच्याच वजनाचे, ॲल्युमिनियम किंवा नायलॉनमध्ये भोसरीतला कुठलाही बरा टर्नर काढून देईल. फक्त वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत जुळलं पाहिजे, नाहीतर सराव एका वस्तूचा आणि काम दुसऱ्या वस्तूवर असं होतं. खऱ्या डार्टवर सराव करायला कोणाचंच बजेट पुरत नाही, म्हणून सरावच होत नाही. ही अडचण आपल्या पट्ट्यात सुटण्यासारखी आहे. ती सोडवायला परदेशी चलन लागत नाही.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न इथे घेतो.

एका गृहस्थांनी विचारलं, पकडून लांब जंगलात सोडून दिलं की झालं ना? बंदूक त्यासाठीच हवी. नाही हो. जुन्नरमध्ये २००१ ते २००३ च्या काळात असे पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, आणि सोडलेल्या भागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचं त्यात दिसलं. बंदूक हाताशी आहे म्हणून दिसेल तो बिबट्या पकडायचा, हे धोरण नाही. नुसता दिसलेला बिबट्या हा पकडण्याचं कारण होत नाही. अडकलेला, जखमी, किंवा माणसांवर हल्ले करणारा, एवढ्यापुरतीच ती पेटी उघडायची.

दुसरा प्रश्न निघोजेच्या एका सुपरवायझर ताईंचा. "सर, बंदूक येईपर्यंत आम्ही काय करायचं?" वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. आणि फोनवर "बिबट्या आलाय, लवकर या" एवढंच न सांगता चार गोष्टी सांगायच्या: जागा बंद आहे की मोकळी, शटर किंवा दार लावता येतं का, बिबट्यापासून सुरक्षित उभं राहायची सर्वांत जवळची जागा किती मीटरवर आहे, आणि आसपास पाणी, खड्डा, चालू कन्व्हेयर, विजेचं पॅनेल काय काय आहे. येणारं पथक फुंकनळी काढून ठेवणार की बंदूक, कुठली नळी लावणार, डार्टमध्ये किती भरणार, हे त्या चार उत्तरांवर गाडीतच ठरतं.